नाणे, तसबीर आणि नाव
(नगर जिल्ह्यातील चेहऱ्यांचा एक इतिहास)

कैसराला कर द्यावा की न द्यावा, या प्रश्नात प्रभू येशूला गुंतवण्याचा प्रयत्न झाला तेव्हा त्याने एक नाणे मागून घेतले आणि त्यावर चेहरा कोणाचा व अक्षरे कोणाची, एवढेच विचारले. त्याच्या उत्तरावर आजवर पुष्कळ प्रवचने झाली आहेत. पण त्या प्रश्नातच इतिहासाचे एक सत्य दडलेले आहे. ज्याचा चेहरा नाण्यावर त्याची सत्ता बाजारात, हे रोमी सम्राटांना पक्के ठाऊक होते. रोम न पाहिलेल्या गालिलातील कोळ्याच्या कनवटीलाही सम्राटाची छबी पोहोचलेली होती. आपला चेहरा लोकांसमोर कसा जावा आणि त्यातून आपले नाव कसे दृढ व्हावे, हा विचार आजचा नव्हे. तो दोन हजार वर्षांहून जुना आहे.

हे सांगण्याचे कारण असे की, श्रीरामपूर, संगमनेर, राहुरी या भागांतील आपली शिकलेली मुले-मुली आज नोकरीच्या अर्जासाठी किंवा व्यवसायाच्या परिचयासाठी छायाचित्रकाराकडून मुद्दाम चांगला फोटो काढून घेतात. आपली जी ओळख जगापुढे मांडायची तिला ती ‘पर्सनल ब्रँड’ म्हणतात, आणि चांगल्या फोटोने ती ओळख बळकट होते असे त्यांना शिकवले जाते. घरातील वडीलधारी मंडळी यावर नाक मुरडतात. हा मिरवण्याचा हव्यास आहे, असे त्यांना वाटते. दोन्ही पक्षांना थोडा इतिहास सांगावासा वाटतो, आणि त्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. ज्या जिल्ह्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या अहमदनगर म्हणत आलो आणि ज्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, त्याच्याच मातीत या विषयाचे सारे धडे सापडतात.

पहिला धडा निजामशाहीतील एका राणीचा. हुसेन निजामशहा पहिला हा १५६५च्या तालिकोटच्या लढाईतील विजेत्यांपैकी एक. त्याच वर्षी तो मरण पावला. त्याची राणी खुंजा हुमायूं हिने अल्पवयीन पुत्राच्या नावाने राज्यकारभार हाती घेतला. हुसेनशहाच्या गौरवासाठी आफताबी नावाच्या कवीने ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे फारसी काव्य रचले. त्याचे सचित्र हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. या चित्रांत एक अपूर्व गोष्ट होती. राणी सुलतानाच्या शेजारी, त्याच आसनावर बसलेली दाखवली होती. त्या काळच्या दरबारी चित्रांत असे धाडस जवळजवळ कोठेही दिसत नाही. ही राणी केवळ अंतःपुरातली नाही, राज्याची भागीदार आहे, हे त्या चित्रांनी मुकाट्याने जाहीर केले होते.

पुढे १५६९मध्ये पुत्र मुर्तझा याने आईला सत्तेवरून दूर करून कैदेत टाकले, आणि त्यानंतर बहुतेक चित्रांतून राणीची आकृती पुसून टाकण्यात आली. सुलतान आसनावर तसाच बसलेला राहिला. शेजारी मात्र रंगाचा एक डाग उरला. आज अभ्यासक त्या डागावरूनच तिची थोरवी वाचतात. याच राणीची कन्या म्हणजे १५९५-९६च्या वेढ्यात नगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढवणारी चांदबीबी. घोड्यावर बसून ससाण्यासह शिकारीला निघालेली चांदबीबी अनेक चित्रांत आपल्याला भेटते. पण ती चित्रे बहुतांशी अठराव्या शतकातील, म्हणजे तिच्या मृत्यूला शंभर वर्षे लोटल्यानंतरची आहेत. आईचा चेहरा हयातीत रंगवला गेला आणि पुसला गेला. लेकीचा चेहरा लोकांनी आठवणीतून घडवला आणि तो टिकला. सत्तेने काढवलेले चित्र सत्तेबरोबर जाते, पण लोकांच्या मनातला लौकिक स्वतःच आपले चित्र काढवून घेतो, हा या मायलेकींचा धडा.

दुसरा धडा मलिक अंबरचा. हबसाणात जन्मलेला, गुलाम म्हणून अनेकदा विकला गेलेला हा पुरुष दख्खनेत आला आणि निजामशाहीचा आधारस्तंभ झाला. जहांगीर बादशहाच्या फौजांना त्याने गनिमी काव्याने जेरीस आणले. रणांगणावर जे साधेना ते बादशहाने कागदावर साधून घेतले. सुमारे १६१६ साली अबुल हसन या दरबारी चित्रकाराने एक चित्र काढले. त्यात पृथ्वीच्या गोलावर उभा असलेला जहांगीर भाल्यावर खोचलेल्या मलिक अंबरच्या मस्तकावर बाण मारतो आहे. हे चित्र आज डब्लिन येथील चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात तसे काहीच घडले नव्हते. मलिक अंबर पुढे दहा वर्षे झुंजत राहिला आणि १६२६मध्ये वृद्धापकाळी मरण पावला. त्याच काळातील हाशिम या चित्रकाराने काढलेली त्याची एक तसबीर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तिच्यात आपल्याला एक धीरगंभीर, पांढऱ्या पेहरावातील, भारदस्त पुरुष दिसतो. माणूस एकच, काळही तोच, पण एका चित्रात त्याचे तुटलेले शिर आणि दुसऱ्यात त्याची प्रतिष्ठा. तेव्हा चित्र कोणाचे आहे एवढे विचारून भागत नाही. ते कोणी काढवले आणि कोणासाठी काढवले, हेही विचारावे लागते.

तिसरे उदाहरण या जिल्ह्याला जिचे नाव आता मिळाले आहे त्या अहिल्याबाई होळकरांचे. जामखेड तालुक्यातील चौंडी येथे १७२५मध्ये त्यांचा जन्म झाला. १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षे त्यांनी माळव्याचा कारभार पाहिला. महेश्वरच्या टांकसाळीतील नाण्यांवर स्वतःची छबी नव्हे, तर शिवलिंग आणि बेलपान उमटवले गेले. लोकांनी मात्र त्यांची जी प्रतिमा मनात धरली ती सर्वांना परिचित आहे. पांढरे वस्त्र, अंगावर दागिना नाही आणि तळहातावर शिवपिंड. ज्या गोष्टीसाठी त्या जगल्या तीच त्यांच्या हातात दाखवली गेली. ओळख बळकट करणारे चित्र कसे असावे याचे यापेक्षा सोपे उत्तर नाही. त्या माणसाच्या कार्याची साक्ष त्यात असावी.

इथवरच्या साऱ्या तसबिरी राजेराण्यांच्या होत्या. सामान्य माणसाला स्वतःचा चेहरा फक्त विहिरीच्या पाण्यात किंवा आरशात दिसे. हे चित्र पालटले ते छायाचित्रणाच्या शोधाने. १८५४ साली पॅरिसमधील दिस्देरी या छायाचित्रकाराने एका काचेवर अनेक छबी घेण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. सुमारे ६ बाय १० सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेली ती लहानशी तसबीर भेटकार्डासारखी देता-घेता येई, आणि म्हणून तिला फ्रेंच भाषेत भेटकार्डाचेच नाव पडले. आजच्या ‘प्रोफेशनल फोटो’ची ही पणजी म्हणावी लागेल. त्याच १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड हे तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी एक आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे उत्तम छायाचित्रकार. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही निघाला. वकील, डॉक्टर, व्यापारी, सुधारक अशी मंडळी कोट-पागोटे घालून, एक हात पुस्तकावर ठेवून, स्टुडिओत बसू लागली. नव्या काळात आपण कोण आहोत हे सांगण्याची ती रीत होती. त्या लहान तसबिरींच्या मागे बहुधा स्टुडिओचे नाव मोठ्या नक्षीदार अक्षरांत छापलेले असे. बसलेल्या माणसाचे नाव मात्र पुष्कळदा कोठेच नसे. ज्याचा चेहरा त्याचे नाव हरवले आणि ज्याचे यंत्र त्याचे नाव टिकले!

आणि येथूनच आपल्या स्वतःच्या, म्हणजे नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती कुटुंबांच्या इतिहासाला हात घालावा लागतो.

या जिल्ह्यात १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन येशूसंघीय फादर राहुरी-संगमनेरच्या खेड्यापाड्यांत फिरू लागले. परदेशातील श्रद्धावंतांच्या दानावर हे काम चालत असे. त्या दात्यांना कामाची माहिती देण्यासाठी नियतकालिके निघत. फ्रायबुर्गहून १८७३ पासून निघणारे येशूसंघीयांचे सचित्र जर्मन मासिक ‘कॅथलिक मिशने’ हे त्यांतलेच. १८९९-१९००च्या भीषण दुष्काळात मिशनांनी शेकडो अनाथ मुलांना आसरा दिला. त्या वेळी हाडांचे सापळे झालेल्या मुलांची छायाचित्रे युरोप-अमेरिकेतील ख्रिस्ती नियतकालिकांतून छापली गेली. त्या चित्रांनी दात्यांची मने द्रवली, पैसा आला, धान्य आले आणि जीव वाचले. त्याबद्दल कृतज्ञता बाळगलीच पाहिजे. आज आपल्यापैकी काही घराणी जिवंत आहेत ती अशा एखाद्या पोत्याभर धान्यामुळे.

पण कृतज्ञतेने डोळे झाकून घेऊ नयेत. त्या चित्रांखाली काय लिहिलेले असे? ‘दुष्काळातील अनाथ’, ‘एक धर्मांतरित कुटुंब’, ‘खेड्यातील उपदेशक’. चेहरा आहे, पण नाव नाही. ज्याने फोटो घेतला त्याच्या मनात दुष्टावा नव्हता. वाचणाऱ्याला ते नाव उच्चारताही आले नसते. तरीही परिणाम असा झाला की, आपल्या पणजोबा-पणजींची जगापुढे गेलेली पहिली ओळख ही त्यांच्या उपासमारीची होती, त्यांच्या श्रद्धेची, कष्टाची, बुद्धीची नव्हे. ती ओळख त्यांनी निवडलेली नव्हती. मलिक अंबरचे ते दोन चित्रांचे उदाहरण येथे पुन्हा आठवावे.

याला उतारा आपल्याच जिल्ह्यात तयार होत होता. राहुरी तालुक्यातील केंदळ येथून फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली ‘येशूच्या पवित्र हृदयाचा निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केले. तेच पुढे पुण्याचे महागुरू झाले. परदेशी मासिक आपल्याविषयी दुसऱ्यांना सांगत असे. ‘निरोप्या’ मात्र आपल्याच भाषेत आपल्याशीच बोलू लागला. बोलण्याची जागा मिळाली की माणूस चित्रातून बाहेर येतो.

नगरच्याच ख्रिस्ती परंपरेतील दुसरे थोर उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, १९००मध्ये लक्ष्मीबाईंनी. त्यांच्या संसाराची कितीतरी वर्षे नगरला गेली. त्या आपल्या प्रॉटेस्टंट बंधुभगिनींच्या पंथातल्या, पण त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’वर साऱ्या मराठी माणसांचा हक्क आहे. १९३४पासून हे आत्मचरित्र ग्रंथरूपाने येऊ लागले. १९३६मध्ये लक्ष्मीबाई वारल्या आणि त्यानंतर त्यांचे पुत्र देवदत्त यांनी ते पूर्ण केले. पुस्तकाच्या नावातच ‘चित्रे’ आहेत. ही चित्रे काढताना लक्ष्मीबाईंनी स्वतःचा चेहरा मुळीच रंगवला नाही. स्वतःचा भाबडेपणा, सोवळ्याओवळ्याचा अट्टहास, त्यातून हळूहळू झालेली सुटका, पतीचा विक्षिप्तपणा आणि त्यांच्यावरचे प्रेम, सारे त्यांनी हसतहसत मांडून ठेवले. फार शाळा न शिकलेल्या या बाईचा लौकिक आज शंभर वर्षांच्या घरात गेला तरी कमी झालेला नाही. ज्या चेहऱ्यावर सुरकुती दिसते त्यावर लोक विश्वास ठेवतात.

नगर जिल्ह्याने एका छायाचित्राचे आणखी एक सामर्थ्य पाहिले आहे. शिर्डीचे साईबाबा १९१८मध्ये निवर्तले. त्यांची मोजकीच कृष्णधवल छायाचित्रे उपलब्ध होती. अशाच एका छायाचित्रावरून शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांनी संगमरवरी मूर्ती घडवली आणि १९५४मध्ये ती शिर्डीत बसवली गेली. आज देशोदेशी जो चेहरा ओळखला जातो तो असा एका लहान कागदावरून आला. श्रद्धा वेगळी असली तरी ही गोष्ट आपणही ध्यानात घ्यावी. फोटो लहान असतो, त्याचा प्रवास लहान नसतो.

आता ज्या महापुरुषाने आपली छबी जाणीवपूर्वक घडवली त्यांच्याकडे वळू. आपल्या जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतून आले, हे सांगण्यात कसलाही संकोच नसावा. त्या समाजांना धड, स्वच्छ वस्त्र घालणेही गावाच्या डोळ्यांत खुपे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९२७मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना सांगितले की, ज्या लुगड्याच्या धाटणीवरून आणि दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते ते टाकून द्या व नीटनेटक्या राहा. वेशभूषा ही त्यांच्या दृष्टीने मिरवण्याची बाब नव्हती, ती गुलामीची खूण पुसण्याची बाब होती. त्यांची स्वतःची तसबीर पाहा. नीट शिवलेला कोट, टाय, डोळ्यांवर चष्मा, हाती ग्रंथ. ज्याला वर्गाबाहेर बसवले तो विद्वान म्हणून समोर उभा आहे, आणि पाहणाऱ्याने त्याच्या नजरेला नजर द्यावी अशी त्याची अपेक्षा आहे. खेड्यापाड्यांतील हजारो घरांच्या भिंतींवर ती तसबीर लागली आणि त्या घरांतील मुलांना ताठ बसावेसे वाटू लागले. ‘फोटोसाठी कसला एवढा थाट’ असे आपल्या मुलामुलींना म्हणण्याआधी वडीलधाऱ्यांनी हा इतिहास आठवावा. ज्यांच्या आजोबांना कोट घालण्याची मुभा नव्हती त्यांच्या नातवाने कोट घालून फोटो काढणे ही केवळ हौस नसते.

तरुणांसाठीही एक गोष्ट आहे, आणि ती ख्रिस्तसभेच्याच इतिहासातील. बाळ येशूची संत तेरेजा १८९७ साली वयाच्या चोविसाव्या वर्षी लिझ्यू येथील कार्मेल मठात वारली. तिची सख्खी बहीण सेलिन हिने १८९४मध्ये मठात प्रवेश करताना आपला कॅमेरा बरोबर आणला होता, आणि त्यामुळे या संतेची चाळीसहून अधिक छायाचित्रे मागे राहिली. परंतु जगाला प्रथम मिळाली ती सेलिनने रंगवलेली व मठाने हात फिरवून मऊ केलेली चित्रे, ज्यांत गुलाबांसह क्रूस धरलेली, नाजूक, गोडगोड तेरेजा होती. १९२५मध्ये ती संत घोषित झाली, १९२७मध्ये मिशन कार्याची आश्रयदाती ठरली आणि ती गोड चित्रे घरोघरी गेली. मूळ छायाचित्रे न बदलता प्रसिद्ध झाली ती १९६१ साली. त्यांत लोकांनी पाहिली एक ठाम हनुवटीची, खोल नजरेची, अखेरच्या काळात आजाराने थकलेली तरुणी. श्रद्धाळूंची भक्ती त्यामुळे कमी झाली नाही, उलट वाढली. बहिणीने प्रेमापोटीच चेहऱ्यावर हात फिरवला होता. पण तेरेजाचे सामर्थ्य तिच्या खऱ्या चेहऱ्यात होते. आज हाताच्या बोटाने गाल गोरे करणारी आणि डोळे मोठे करणारी साधने प्रत्येक मोबाइलमध्ये आहेत. जो फोटो पाहून मालकाने मुलाखतीला बोलावले त्या फोटोतील माणूस दारातून आत आलाच नाही, तर पहिल्याच पावलाला विश्वास उडतो.

यावरून व्यवहारात काय घ्यावे? फोटो अलीकडचा असावा. खिडकीतून बाजूने येणारा दिवसाचा उजेड, साधी पार्श्वभूमी आणि डोळ्यांच्या उंचीवर धरलेला कॅमेरा एवढ्यानेही चेहरा प्रामाणिक दिसतो. कपडे आपल्या कामाला शोभणारे असावेत. परिचारिकेने परिचारिकेसारखे, शिक्षकाने शिक्षकासारखे दिसावे. नजर पाहणाऱ्याकडे असावी. आणि ज्या गुणांचा दावा चेहरा करतो ते गुण अंगी असावेत, कारण फोटो दार उघडतो, घरात राहू देत नाही. शमुवेल संदेष्टा इशायाच्या पुत्रांतून राजा निवडायला गेला तेव्हा थोरल्याचा देखणेपणा पाहून तोही क्षणभर फसला होता. निवड झाली ती मेंढरांमागे गेलेल्या धाकट्याची.

शेवटचा मुद्दा मात्र साऱ्या कुटुंबांसाठी आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत निकडीचा. परदेशी मासिकांत आपल्या पूर्वजांचे चेहरे नावांविना राहिले, हे वर सांगितले. पण त्यांची नावे हरवलेली नाहीत. १५६३मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक धर्मग्रामात स्नानसंस्कार व विवाह यांच्या नोंदवह्या ठेवण्याचा नियम केला. त्याच नियमाने आपल्या जुन्या मिशन केंद्रांतील फादरांनी, जेथे दुसरा कोणीही या माणसांची नावे शाईने लिहीत नव्हता तेथे, स्नानसंस्कार घेणाऱ्याचे, त्याच्या आई-बापाचे आणि धर्म-मातापित्यांचे नाव तारखेसह लिहून ठेवले. म्हणजे एकीकडे नावांविना चेहरे आहेत आणि दुसरीकडे चेहऱ्यांविना नावे. ही दोन टोके जोडण्याचे काम परदेशातला कोणी अभ्यासक करणार नाही. ते आपणच करायचे आहे.

घरातील पेटीत, मिस्सापुस्तकाच्या पानांत, भिंतीवरच्या चौकटीत जे जुने फोटो आहेत ते बाहेर काढावेत. घरातील सर्वांत वयोवृद्ध माणसाजवळ बसून प्रत्येक चेहऱ्याचे नाव, गाव आणि नाते विचारावे. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने ते लिहावे. शाई पलीकडे उमटते, म्हणून ती टाळावी. शंका राहिली तर धर्मगुरूंच्या अनुमतीने नोंदवहीशी ताडून पाहावे. हे काम या वर्षीच करावे, कारण ज्यांना ती नावे ठाऊक आहेत ती माणसे दरवर्षी थोडी थोडी कमी होत आहेत.

नातवाचा नवा फोटो आणि पणजोबांचा जुना फोटो शेजारीशेजारी लागावेत, दोन्हींखाली पूर्ण नाव असावे. नाण्यावरचा चेहरा कैसराचा होता, म्हणून ते कैसराचे. माणसावर छबी आहे ती देवाची, आणि म्हणून कोणताही चेहरा, दुष्काळातल्या त्या अनाथाचाही, बेनाव राहू देणे आपल्याला शोभत नाही.